पाणी फुटलं की बसलं

घरी पाहुणे आले की माझी एक खोड मला लपवावी लागते. काचेच्या टीपॉयवर पाण्याचा थेंब सांडला की तो पुसायचं सोडून मी त्याच्याकडे बघत बसते. तो गोल, टम्म उभा राहतो की चपटा होऊन पसरतो, हे कळल्याशिवाय माझा हात फडक्याकडे जात नाही. उभा राहिला तर काचेला कोणाचा तरी तेलकट हात लागलाय. पसरला तर काच स्वच्छ आहे. माझी मुलगी म्हणते, "आई, पाहुण्यांसमोर टेबलाची टेस्ट नको ना घेऊस, प्लीज." तिचं बरोबर आहे. पण माझं पोट गेली चौदा वर्षं या एका थेंबावर चाललंय. ज्या बाईंनी मला तो बघायला शिकवलं, त्यांचे उपकार सांगायला बसले तर आधी माझी लाज सांगावी लागते, म्हणून इतके दिवस टाळत आले. आज सांगते.

चौदा वर्षांपूर्वी मी केमिस्ट्रीत बीएस्सी झाले आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत, मानपाड्याच्या अंगाला, प्लेटिंगच्या एका कारखान्यात चिकटले. कारखाना म्हणजे एक लांबुळका गाळा, वर पत्रे, आत ओळीने टाक्या आणि शेठ धरून बारा माणसं. पितळेचे नळ आमच्याकडे पॉलिश होऊन यायचे आणि आम्ही त्यांच्यावर आधी निकेल, मग क्रोम चढवायचो. चांगल्या बाथरूममध्ये आरशासारखे चमकतात ना, ते नळ. आम्ही तेव्हा डोंबिवलीच्या अलीकडे, दिवा स्टेशनजवळ राहायचो. आमच्या बिल्डिंगला नळ होते, पाणी नव्हतं. एक दिवसाआड अर्धा तास धार यायची, तीही करंगळीएवढी. बाकी सगळा कारभार टँकरवर आणि मोरीत उभ्या केलेल्या दोन निळ्या पिंपांवर. म्हणजे दिवसभर लोकांचे नळ चमकवायचे आणि घरी येऊन आपला नळ फुसफुसतोय का ते कान लावून ऐकायचं. आई म्हणायची, "चमकवता ते बरंच आहे गं, त्यातून पाणी यायचं काही औषध आहे का विचार शेठला."

नळावर निकेल धरायचं तर नळ आधी निर्मळ हवा. पॉलिश करताना त्याला मेण लागतं, तेल लागतं, माणसांचे हात लागतात. म्हणून तो आधी कढत साबणाच्या टाकीत जातो, मग धुण्याच्या टाकीत, मग क्षणभर ॲसिडमध्ये आणि मग निकेलमध्ये. धुण्याची टाकी वाहती असते. खालून एका पाइपने ताजं पाणी आत येत राहतं आणि मागच्या काठावरून जुनं पाणी सांडत राहतं, अगदी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. या टाकीपाशी, लोखंडी स्टुलावर, काकी बसायच्या.

काकी तिथल्याच, मानपाडा गावातल्या. साठीला टेकलेल्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केसांना घट्ट फडकं बांधलेलं. केसांचं तेल चुकून बोटाला आणि बोटाचं नळाला लागू नये म्हणून ते फडकं. त्यांचं काम एकच होतं, बघायचं. नळ टांगलेली चौकट पाण्यातून वर आली की त्या ती तिरपी धरायच्या आणि श्वास रोखायच्या. तो श्वास सुटेपर्यंत नळांवरचं पाणी सगळीकडे एकसारखं, अखंड पसरलेलं राहिलं तर म्हणायच्या, "बसलं." ते मध्येच कुठे फाटलं, मागे सरकलं, थेंब थेंब झालं, तर "फुटलं", आणि चौकट परत साबणात. निर्मळ पितळेवर पाणी आपण होऊन पसरतं. तेलाचा एवढासा अंश राहिला तरी ते अंग चोरतं आणि थेंब होऊन उभं राहतं. कारखान्यात यंत्रं होती, मीटर होते, मी होते. पण पुढच्या टाकीत काय जायचं ते काकींचा श्वास ठरवायचा.

एखाद्या नळाची शंका आली तर त्यांच्याकडे दुसरा उपाय होता. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी आणि त्यात उभी केलेली खराट्याची एक काडी. ती काडी पाण्यातून काढून त्या नळावर नेमका एक थेंब ठेवायच्या आणि बघत बसायच्या. काडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला खपायचा नाही.

कॉलेजात मी या थेंबावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं, आकृतीसकट. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या शेजारी उभी राहून शहाणपणा केला. थेंब नळावर टेकताच झर्रकन पसरला. मी म्हणाले, "झालं. पसरला."

"थांब गो. चाललंय अजून."

"कुठे चाललंय काकी? थांबलाय तो."

"तू थांबलीस बाय. तो नाय थांबला."

मी नाक नळाला लावून बघितलं. थेंब खरंच चालला होता. पहिल्या झटक्यात जेवढा पसरला तेवढंच पुढे जायला त्याला आता कितीतरी वेळ लागत होता. कडेची रेघ पातळ होत होती, आणखी पातळ होत होती, आणि थांबली म्हणावं तर मघापेक्षा केसभर पुढे गेलेली असायची. माझ्या पाच मार्कांच्या उत्तरात हे नव्हतं. मला फार आवडलं ते, पण मी तसं म्हटलं नाही. मी तेव्हा कोणालाच काही म्हणत नसे. डिग्री होती, अक्कल यायची होती, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात माणूस फार ताठ असतो.

आता माझ्या लाजेची गोष्ट. टाकीत ताजं पाणी आणणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह टाकीच्या मागे, जमिनीलगत, ॲसिडच्या कॅनच्या आड होता. माझ्या टेबलाकडे जायची वाट तिथूनच. दिवसातून दहा वेळा मी तिथून जायचे आणि दहा वेळा मला ते काठावरून सांडणारं पाणी दिसायचं. चांगलं, नितळ, प्यावंसं वाटेल असं पाणी गटारात जातंय. इकडे माझी आई एका बादलीत चार माणसांचं धुणं बसवतेय. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी वाकले आणि व्हॉल्व्ह अर्धा आवळला. सांडणं कमी झालं आणि माझ्या जिवाला गार वाटलं. मग ते रोजचंच झालं. सकाळी कोणी तरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, जाता जाता मी आवळायचे. पुढे पुढे तर नुसती सुतळीएवढी धार ठेवायचे. टाकी काठोकाठ भरलेलीच दिसायची, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. मी कोणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. पाणी वाचवायला काय परवानगी लागते?

महिन्याभरात माल परत यायला लागला. नळांवर निकेलला फोड आलेले. नखाने खरवडलं की कांद्याच्या सालीसारखं निघायचं. आधी एक लॉट, मग दुसरा, मग तिसरा. शेठ चिडके होते पण वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "केमिस्ट तू आहेस. सांग, काय बिघडलंय?"

मी तीन दिवस सगळ्या टाक्यांचे नमुने तपासले. निकेल बरोबर, ॲसिड बरोबर, साबण बरोबर, तापमान बरोबर. मग मी आयुष्यातला पहिला रिपोर्ट लिहिला, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून. त्याचं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: सर्व रसायनं योग्य असल्यामुळे धुतल्यानंतरच्या तपासणीत नजरचूक होत असावी. मला वाटलं मी फार मोठा शोध लावला.

त्या तपासणीला दुसरं कोण होतं? शेठनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि काकींना आत बोलावलं. मी तिथेच उभी होते. शेठ आवाज न चढवता म्हणाले, "काकी, वय झालं आता. दोष नाही तुमचा. डोळे कुठे तरी दाखवून घ्या. तोवर घरी आराम करा, टाकीवर मी दुसरं कोणी बघतो."

काकींनी फक्त दोन वेळा डोळे मिटून उघडले, समोरचं नीट दिसतंय का ते बघत असल्यासारखे. मग बाहेर जाऊन काडीचा ग्लास रिकामा केला, पालथा घातला आणि गेल्या. बावीस वर्षं त्या स्टुलावर बसलेली बाई माझ्या एका वाक्याने उठली.

दुसरं कोणी म्हणजे मीच. "तू शिकलेली आहेस, तरुण डोळे आहेत, आठ-दहा दिवस तू बस," शेठ म्हणाले. मी बसले. सकाळी येता येता सवयीने व्हॉल्व्ह आवळायचे आणि मग पुढे येऊन स्टुलावर बसायचे. चौकट वर आली की तिरपी धरायची, श्वास रोखायचा. पाणी कसं सुरेख बसायचं! एकाही नळावर फुटायचं नाही. आठ दिवसांत मी एकही चौकट परत पाठवली नाही. मनात म्हटलं, बघा, नजर म्हणतात ती ही.

आठव्या दिवशी माझ्या नजरेतून गेलेला माल तपासायला घेतला. फोड. पहिल्यापेक्षा जास्त.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माझे डोळे तर चांगले होते, समोरच्या बिल्डिंगवरची बारीक अक्षरं वाचणारे. मी पाणी बसलेलं बघितलं होतं, आणि ते बसलं होतंच. म्हणजे काकींनाही ते बसलेलंच दिसलं होतं. मग खोटं बोलत होतं कोण?

त्याचं उत्तर रविवारी सकाळी आमच्या मोरीत मिळालं. आई भांडी घासत होती. दिव्यातल्या बायकांची भांडी धुवायची एक रीत आहे. दोन टोपं घ्यायची. पहिल्या टोपात साबणाची भांडी बुडवायची, दुसऱ्यात विसळायची. पहिल्यातलं पाणी गढूळलं की ते मोरी धुवायला, आणि दुसऱ्यातलं अजून बरं असलेलं पाणी पहिल्या टोपात. ताजं पाणी घ्यायचं ते फक्त दुसऱ्यात. एक थेंब फुकट जात नाही. त्या दिवशी मी घाईत होते. आदल्या रात्रीचा तळणीचा झारा पहिल्याच टोपातून काढला, बघितलं, पाणी त्याच्यावर छान एकसंध पसरलेलं, आणि तो जाळीवर ठेवायला लागले.

आई म्हणाली, "तो कुठे ठेवतेस? तेल आहे त्याला."

"कुठे आहे? बघ ना, पाणी किती छान बसलंय."

"साबणाचं पाणी कशावरही बसतं. दुसऱ्या पाण्यात घाल, मग बघ."

मी झारा दुसऱ्या टोपात बुडवून वर काढला आणि त्याच्यावर पाण्याचे थेंबच थेंब उभे राहिले.

मी तिथेच, ओल्या मोरीत, पाटावर बसले. आई विचारत होती, काय झालं, चक्कर आली का. मला सगळं दिसत होतं. कढत टाकीतून येताना नळ स्वतःबरोबर साबण आणतात. धुण्याच्या टाकीत ताजं पाणी यायचं ते हा साबण वाहून न्यायला. मी धार आवळली, टाकीचं पाणीच साबणाचं झालं, वर तेलाचा तवंग साचला. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नळावर तेल होतं, आणि साबण त्या तेलावरही पाणी अलगद पसरवत होता. काकी बघत होत्या ते बरोबर बघत होत्या. पाणी खोटं बोलत होतं आणि त्याला खोटं बोलायला मी लावलं होतं. वर रिपोर्ट लिहिला होता, सही करून.

तशीच उठले आणि मानपाड्याला गेले. टॉवरांच्या मध्ये अडकलेली जुन्या गावातली घरं असतात, तसं काकींचं घर. त्या ओटीवर उन्हात बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. जवळच त्यांची सून सुपात तांदूळ निवडत होती. मला बघून काकी म्हणाल्या, "ये बाय, बस. मी काय, बसूनच हाय. तांदूल निवडाया पन नाय देत सून. खडा ऱ्हाईल म्हनते. ऱ्हाईल पन, काय सांगावं. सुईत दोरा घालून बगितला, जातो गो. पन शेठ म्हनतात म्हंजे काय तरी असंल."

आठ दिवस त्या स्वतःचे डोळे तपासत होत्या. सुईत दोरा घालत होत्या, समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजत होत्या, आणि बरोबर आले तरी त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. नोकरी गेली त्याचं वाईट वाटणार हे मी धरून आले होते. हे मी धरलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, साबण, आईची टोपं, झारा, रिपोर्टमधलं ते वाक्य. शेवटी शेवटी मला रडूच आलं. काकी मान खाली घालून ऐकत होत्या. माझं संपलं तसं त्यांनी मान वर केली.

"म्हंजे मना दिसतंय?"

"हो काकी. माझं चुकलं, मी..."

"तुजं ऱ्हाऊ दे. मना आधी ते सांग. मना बरोबर दिसत व्हतं?"

"एकदम बरोबर. तुमची एकही चौकट नजरचुकीने गेली नाही."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. बावीस वर्षं रोखून धरायची सवय असलेल्या बाईचा तो सुटलेला श्वास मी कधी विसरणार नाही. मग सुनेला हाक मारली, "आन गो ते सूप हिकडं." सुनेने सूप दिलं. काकींनी त्यात नजर फिरवली, दोन बोटांनी एक खडा उचलला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला.

मग माझी वेळ आली. ओरडल्या, अगदी शेजारच्या घरात जाईल एवढ्या ओरडल्या. एवढी शिकलीस आणि एवढं कळलं नाही, विचारायला तोंड नव्हतं का, डिग्री काय लोणच्याला घातलीस का. मी ऐकून घेतलं, मला बरंच वाटत होतं. दमल्यावर म्हणाल्या, "दिव्याची पोर तू. पानी सांडलेलं तुला बगवायचं नाय, ते पन खरंच." मग चहा टाकायला सांगितला.

सोमवारी आम्ही दोघी शेठच्या केबिनमध्ये गेलो. काकींनी काडी, ग्लास आणि टाकीतून नुकताच काढलेला एक नळ बरोबर घेतला होता. त्यांनी नळावर थेंब ठेवला. तो पसरला. मग मी तो नळ बाहेरच्या नळाच्या वाहत्या पाण्यात खळखळून धुतला, आणि काकींनी तिथेच पुन्हा थेंब ठेवला. तो उभा राहिला, मोहरीच्या दाण्यासारखा. शेठ खुर्चीतून उठून वाकून बघत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, रिपोर्ट चुकीचा होता, चूक माझी आहे, काकींना परत घ्या.

शेठना समजायला वेळ लागला नाही, आणि समजल्यावर ते लाल झाले. "म्हणजे तीन लॉट तू घालवलेस? आणि वर या बाईंचे डोळे काढलेस? काकी, तुम्ही आजपासून कामावर. आणि तू उद्यापासून यायचं नाहीस."

माझी तक्रार नव्हती. मी पर्स उचलली. घरी आईला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "शेठ, ती एकटी नाय. ती व्हॉल्व्ह आवलायची ते मी बगितलेलं. रोज बगत व्हते. बोलले नाय."

शेठ थक्क झाले. "का नाही बोललात?"

"पानी वाचतंय तर वाचू दे म्हटलं. आमच्या गावाला पन कुठं पुरतंय. तिला काढता तर मना पन काढा."

शेठ आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागले. "दोघींना काढू? आणि टाकीवर काय मी बसू?" शेवटी हात जोडून म्हणाले, "जा बाबांनो. कामाला लागा. आणि व्हॉल्व्हला पुन्हा हात लावाल तर बघा."

मी तिथेच राहिले, अजून आहे. आता टाक्यांचा सगळा भाग माझ्याकडे असतो. दोन वर्षांनी शेठच्या मागे लागून मी धुण्याच्या एका टाकीच्या दोन करून घेतल्या. ताजं पाणी शेवटच्या टाकीत येतं, तिथून सांडतं ते पहिल्या टाकीत, म्हणजे नळ ज्या दिशेने जातात त्याच्या उलट. पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी पाणी लागतं आणि नळ जास्त स्वच्छ निघतात. बाहेरून बघायला आलेले लोक विचारतात, ही सिस्टीम कुठून आणली? मी सांगते, दिव्याहून. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढं शिकवून शेवटी माझी टोपंच मांडलीस होय. आणि ॲसिडनंतर आम्ही पाणी पुन्हा एकदा बघतो, कारण तिथवर साबण टिकत नाही, तिथे पाणी खरं बोलतं.

काकी आणखी सहा वर्षं स्टुलावर बसल्या. मग वयच झालं. गेल्या वर्षी त्यांना खरोखरचा मोतीबिंदू झाला, तेव्हा ठाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीच त्यांना घेऊन गेले, हट्टाने. ऑपरेशननंतर मी त्यांच्या डोळ्यात औषध घालत होते. थेंब पडला, त्यांनी पापणी मिटली आणि विचारलं, "बसला का गो नीट? का फुटला?" नर्स आमच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "थांबा काकी, चाललाय अजून." आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्सने दटावलं.

टाकीवर नवी मुलगी आली की मी तिला आधी काडी देते, मग व्हॉल्व्ह दाखवते. आमच्याकडे बऱ्याच मुली दिव्याच्याच असतात. पाणी सांडताना बघून त्यांचा चेहरा कसा होतो ते मला ओळखता येतं. त्यांना मी ही गोष्ट सांगते, पण शेठच्या केबिनपाशी थांबते. त्याच्या पुढचं आजवर माझ्याजवळच ठेवलंय.

त्या सोमवारी केबिनमधून बाहेर आल्यावर काकी ताडताड पुढे निघाल्या आणि मी मागून पळत त्यांना गाठलं. ज्या बाईंनी बावीस वर्षांत एक खोटी चौकट पुढे जाऊ दिली नाही, आदल्याच दिवशी ज्यांना आपली नजर निर्दोष असल्याचं कळलं होतं, त्यांनी ते निर्दोषपण माझ्यासाठी शेठच्या टेबलावर ठेवून दिलं होतं. मी कसंबसं म्हटलं, "काकी, तो व्हॉल्व्ह कॅनच्या मागे आहे. तुमच्या स्टुलावरून तो दिसतच नाही. आठ दिवस मी बसलेय तिथे."

त्यांनी वळून बघितलं. केसांचं फडकं घट्ट केलं, ग्लास भरून घेतला, काडी त्यात उभी केली.

"नाय दिसत?" त्या म्हणाल्या. "मग माजेच डोले खराब असतील." आणि स्टुलावर जाऊन बसल्या.